विश्लेषण : गेमच्या जुन्या कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, मग ती साफ करायची कशी?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरून एक खोके हमखास खाली येते. त्यात वायरींचा गुंता, बटणे बसलेले दोन रिमोट, प्लास्टिकची एक बंदूक आणि पिवळ्या, लाल, काळ्या रंगाच्या पाच-सहा ‘कॅसेट’ असतात. घरातला पस्तिशी-चाळिशीतला कोणी तरी त्यातली एक उचलतो आणि पुढे जे करतो, ते त्या पिढीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कॅसेट ओठांजवळ धरायची, तोंडाचा बाजा वाजवल्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत जोरात फुंकर मारायची आणि खटकन मशीनमध्ये बसवायची. ‘फुंकर मार, चालू होईल’ हे दुरुस्तीशास्त्र नव्वदच्या दशकात चाळीपासून बंगल्यापर्यंत सगळीकडे पोहोचले होते आणि ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नव्हते.

ती फुंकर चुकीची होती. पण खरी काळजी आता दुसरीच आहे. फुंकरीची जागा ज्या घरगुती उपायांनी घेतली आहे, ते तिच्याहून वाईट आहेत. तीस सेकंदांच्या रील्समध्ये कोणी कॅसेटच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासतो, कोणी भांडी उजळवायची पावडर लावतो, कोणी सॅनिटायझर ओततो. आधी काळपट, नंतर चकचकीत. लाइक्स मिळतात, पण त्या चकाकीसाठी कॅसेटचे आयुष्य कमी झालेले असते.

कॅसेटच्या आत असते काय?

मराठी घरांत तिला कॅसेट म्हणत असले तरी तिच्यात ना टेप असते, ना फिरणारे काही. तिचे खरे नाव कार्ट्रिज. आत एक छोटा सर्किट बोर्ड आणि त्यावर गेम साठवलेली चिप, बस्स. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ हे यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रे घरोघरी आली, त्यातली बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यामुळे आपल्याकडच्या कॅसेटच्या तोंडाशी फॅमिकॉमसारख्याच ६० पट्ट्या असतात, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३०. अमेरिकेत विकल्या गेलेल्या ‘एनईएस’च्या कॅसेटला ७२ पट्ट्या असतात. ती आपल्या मशीनमध्ये बसत नाही आणि बसवण्याचा प्रयत्नही करू नये.

या पट्ट्या मशीनच्या खाचेतल्या पिनांना टेकतात तेव्हाच चिप आणि मशीन यांचे बोलणे सुरू होते. प्रत्येक पट्टीचे काम ठरलेले असते. गंमत अशी की, फॅमिकॉमच्या रचनेत गेमचा प्रोग्राम आणि गेमची चित्रे वेगवेगळ्या तारांवरून वाचली जातात. त्यामुळे कॅसेट नेमकी कुठे मळली आहे, याचा अंदाज पडद्यावरूनच येतो. गाणे नीट वाजतेय, मारिओ उडीही मारतोय, पण त्याच्या अंगाच्या जागी आकडे आणि चौकोन दिसत आहेत, तर चित्रांच्या तारांशी जोडलेली एखादी पट्टी टेकत नाही. नुसता राखाडी किंवा एकाच रंगाचा पडदा येतो, तेव्हा बहुधा प्रोग्रामच वाचला जात नसतो. दोन्ही वेळी चिपमधला गेम पुसला गेलेला नसतो. अनेक घरांत तसे समजून चांगल्या कॅसेट भंगारात गेल्या.

फुंकर मारल्यावर गेम चालू का व्हायचा?

कारण फुंकर मारण्यासाठी आधी कॅसेट बाहेर काढावी लागायची आणि नंतर पुन्हा बसवावी लागायची. काम व्हायचे ते त्या काढ-घालीत. पिना पट्ट्यांवर घासल्या जायच्या, वरचा पातळ थर थोडा खरवडला जायचा आणि कॅसेट केसभर इकडे-तिकडे सरकून नवा संपर्क जुळायचा. श्रेय मात्र फुंकरीला मिळायचे. श्वासातल्या ओलाव्यामुळे वीज तेवढ्यापुरती बरी वाहत असावी, असाही एक तर्क मांडला जातो. तो खरा धरला तरी ओलावा तिथेच राहतो आणि सोबत थुंकीचे बारीक तुषारही राहतात. थुंकीत क्षार असतात. धातू, पाणी आणि क्षार एकत्र आले की पुढे काय होते, हे कोकणात घर असलेल्या कोणाला वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतल्या एका संग्राहकाने एकाच गेमच्या दोन कॅसेट घेतल्या. एकीत महिनाभर रोज दहा वेळा फुंकर मारली, दुसरी तशीच ठेवली. फुंकर मारलेल्या कॅसेटच्या पट्ट्यांवर डाग आणि बुरशीसारखा थर चढला, दुसरी जवळपास होती तशीच राहिली. दोन कॅसेटींचा प्रयोग म्हणजे काही शास्त्र नव्हे, पण निन्टेन्डोनेही आपल्या ग्राहकांना हेच सांगितले आहे : फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात आणि मळतात.

सोन्याची कल्हई

घासण्याचा मोह का टाळायचा, हे समजण्यासाठी आजीच्या स्वयंपाकघरात जावे लागेल. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असते. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. म्हणून कल्हईच्या भांड्याला आजी विटकरीची पूड लावू देत नसे. कॅसेटच्या पट्ट्यांचेही तसेच असते. मूळ धातू तांबे. त्यावर निकेलचा थर आणि चांगल्या कॅसेटमध्ये सगळ्यात वर सोन्याचा मुलामा. सोने हवेत काळे पडत नाही, तांबे पडते. हा मुलामा सहसा १ मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मुलामा किती नाजूक याची कल्पना यावी. नकली कॅसेटमध्ये तर तो आणखी हलका असतो, काहींत नसतोच.

पॉलिश पेपर, तारेची घासणी, भांड्यांची पावडर, पितळ चमकवण्याचे पॉलिश हे सगळे या कल्हईवर चालवलेले रंधे आहेत. घासल्यावर दिसणारी तांबूस झळाळी म्हणजे स्वच्छता नव्हे, ते उघडे पडलेले तांबे आहे. त्या दिवशी गेम अगदी झकास चालतो. पावसाळा गेला की त्याच पट्ट्यांवर हिरवट कळंक चढतो, मग पुन्हा घासायचे, असे करत करत एक दिवस पट्टीच उरत नाही. मुलामा घरी परत चढवता येत नाही. रील मात्र पहिल्या दिवशीच संपलेली असते. खरी अडचण हीच आहे की बरोबर पद्धतीने साफ केलेली कॅसेट व्हिडिओत दिसायला जवळजवळ पूर्वीसारखीच असते. मळते ती कापसाची काडी, आणि तिला कोण लाइक करणार?

खोडरबराचे काय, हा प्रश्न येणारच. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासतात, हे अनेकांनी पाहिलेले आहे. खोडरबरही थोडे घासतेच. त्यामुळे बाकी सगळे करून झाल्यावरही एखादा हट्टी डाग राहिला तर मऊ, पांढऱ्या खोडरबराचे दोन-तीन हलके हात ठीक, पण पहिला उपाय म्हणून नको. आणि शाई खोडायचे ते निळे, खरखरीत टोक तर कधीच नको. ते पॉलिश पेपरचेच भावंड आहे.

सॅनिटायझर आहे की घरात!

करोनाच्या काळातली सॅनिटायझरची अर्धी बाटली अजून अनेक कपाटांत आहे आणि ‘त्यात अल्कोहोल असतेच की’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण सॅनिटायझर हातांसाठी बनवलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या मिश्रणातही अल्कोहोलबरोबर पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्वचा कोरडी पडू नये म्हणून १.४५ टक्के ग्लिसरीन असते. ग्लिसरीन उडून जात नाही. ते पट्ट्यांवर चिकट थर बनून बसते आणि धूळ धरून ठेवते. जेल असेल तर ते घट्ट करणारा पदार्थही आत राहतो. सुगंधी असेल तर विचारूच नका.

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा अ‍ॅसिटोन असते. कॅसेटचे कवच साधारणपणे एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असते आणि अ‍ॅसिटोन त्याला अक्षरशः विरघळवते. थिनर आणि पेट्रोल त्याच माळेतले मणी. पेट्रोल तर घरात आणूच नये, कॅसेट राहिली बाजूला. गंज काढायचे तेलकट स्प्रे पट्ट्यांवर तेलाचा पापुद्रा सोडतात. विजेच्या जोडांसाठी वेगळा ‘कॉन्टॅक्ट क्लीनर’ मिळतो, तो चालतो, पण डब्यावर ‘प्लास्टिकसाठी सुरक्षित’ असे लिहिलेले आहे का, ते वाचून घ्यावे.

मग उरते ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत ‘आयपीए’. मोबाइल दुरुस्त करणारे हेच वापरतात. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचे सामान विकणाऱ्या दुकानांत ते सुटे मिळते. बाटलीवर ९९ टक्के, निदान ९० टक्क्यांच्या वरचा आकडा हवा. मेडिकलमधले स्पिरिट घेऊ नये. त्यात पाणी आणि इतर पदार्थ किती, हे बाटलीगणिक बदलते.

कंपनीच म्हणते अल्कोहोल नको, त्याचे काय?

हा मुद्दा बहुतेक व्हिडिओ सोयीस्करपणे गाळतात. निन्टेन्डोच्या मूळ एनईएस कॅसेटच्या मागे स्पष्ट छापलेले आहे : बेंझिन, थिनर, अल्कोहोल किंवा तशा द्रावकांनी साफ करू नका. जगभरचे संग्राहक मात्र वर्षानुवर्षे आयपीए वापरत आले आहेत. खरे कोणाचे मानायचे?

दोन्हींत तथ्य आहे. ‘अल्कोहोल’ हा शब्द ढोबळ आहे. घरातल्या मुलाच्या हाती बाटली पडली तर तो कॅसेटवर काय आणि किती ओतेल, याची खात्री कोणतीही कंपनी देऊ शकत नाही. द्रावक वरच्या स्टिकरवर गेले तर शाई फुटते, गोंद सुटतो. पण काडीच्या टोकाला लावलेला आयपीएचा ओलावा फक्त धातूच्या पट्ट्यांना लागला आणि मिनिटभरात उडून गेला, तर बोर्डाला इजा होण्याचे कारण नाही. कारखान्यांत आणि दुरुस्तीच्या टेबलांवर सर्किट बोर्ड याच द्रावाने पुसले जातात. म्हणून त्या इशाऱ्याला हसण्यावारी न नेता, ‘ओतू नका, बुडवू नका, कवच आणि स्टिकरपासून दूर ठेवा’ असा त्याचा अर्थ लावणे शहाणपणाचे.

ज्यांना तरीही अल्कोहोल नको असेल, त्यांच्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर आहे. सांडलेले सरबत आणि जुन्या फुंकरींचे क्षार पाण्यात अल्कोहोलपेक्षा चांगले विरघळतात. बोटांचा तेलकटपणा मात्र पाण्याने निघत नाही. नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, ते वाळल्यावर स्वतःचेच क्षार मागे ठेवते. पाण्याने पुसले तर कॅसेट रात्रभर वाळू द्यावी.

मग साफ करायची कशी?

आधी काहीच न लावता पाहावे. मशीन बंद, अडॅप्टर भिंतीतून बाहेर. कॅसेट सरळ धरून चार-पाच वेळा खाचेत घालावी, काढावी. वाकडी-तिकडी हलवू नये, पिना सैल होतात. बऱ्याच कॅसेट एवढ्यावरच चालू होतात आणि मग पुढचे काही करायची गरजच नसते.

नाही झाली तर कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणि आयपीए घ्यावे. खिडकी उघडी असावी. ही गोष्ट नुसती सांगायची म्हणून सांगितलेली नाही. आयपीएची वाफ साधारण १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी तयार होते, म्हणजे महाराष्ट्रातल्या जवळपास कोणत्याही खोलीत, कोणत्याही ऋतूत. वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. दिवाळीच्या दिवसांत घरात पणत्या असतात, देवघरात निरांजन असते, कोपऱ्यात डासांची कॉइल जळत असते, बाहेर मुले फुलबाज्या उडवत असतात. तेव्हा हे काम स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ करू नये आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर तर अजिबात नको. बाटली लगेच बंद करून वर ठेवावी. बाटलीच्या टोपणात चमचाभर काढून घेतले तरी पाच-सहा कॅसेटना पुरते. मुलांना सोबत बसवायला हरकत नाही, बाटली मात्र मोठ्यांच्याच हातात हवी.

काडीचे टोक ओले करावे, टपकते नव्हे. दाबल्यावर थेंब पडत असेल तर ते जास्त झाले. पट्ट्यांवर आडवे घासू नये. प्रत्येक पट्टी आतून बाहेरच्या कडेकडे, तिच्या लांबीच्या दिशेने पुसावी, म्हणजे मळ बाहेर येतो आणि कापसाचे तंतू दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकत नाहीत. पहिली काडी काळी होईल, कधी हिरवट. दोन्ही बाजूंना नव्या काड्या घेत राहावे. काडी जवळपास पांढरी निघाली की थांबावे. शेवटी एक कोरडी काडी. मग दहा-पंधरा मिनिटे कॅसेट तोंड खाली करून उघड्यावर ठेवावी. हेअर ड्रायर नको, उन्हात वाळत घालणेही नको. ओली कॅसेट मशीनमध्ये घालून बटण दाबण्याची घाई महागात पडते.

कॅसेट उघडायची गरज सहसा लागत नाही. आपल्याकडच्या नकली कॅसेट स्क्रूऐवजी प्लास्टिकच्या खाचांनी जोडलेल्या असतात, त्या उचकटताना त्या खाचाच तुटतात. निन्टेन्डोच्या मूळ एनईएस आणि गेमबॉयच्या कॅसेटना अनेकदा ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रू असतो. पेन वितळवून त्याचा पाना करण्याची ‘जुगाड’ दाखवणारे व्हिडिओ आहेत, तो उद्योग न केलेला बरा. उघडलीच तर बोर्डावर चिपऐवजी काळ्या डांबरासारखा एक गोळा दिसेल. ती घाण नव्हे, तोच तुमचा गेम आहे. त्याखाली चिपच्या केसाहून बारीक तारा असतात. खरवडला की कॅसेट कायमची संपली. जुन्या बोर्डांच्या डाखात शिसे असते, म्हणून हात लावल्यावर साबणाने धुवावेत, विशेषतः फराळाला बसण्याआधी.

गल्फमधल्या मामाने किंवा अमेरिकेतल्या काकांनी आणलेल्या गेमबॉयच्या पोकेमॉन कॅसेट असतील, तर त्यांची गोष्ट थोडी वेगळी. खेळाची प्रगती लक्षात ठेवण्यासाठी त्यांच्यात नाण्याएवढी बॅटरी डाखलेली असते. बॅटरी संपली किंवा काढली की साठवलेला खेळ जातो. ती बदलायचे काम सोल्डरिंग येणाऱ्याकडेच द्यावे. काढलेली बॅटरी टेबलावर पडू देऊ नये. लहान मुलाने ती गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. तसे झाल्यास वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

साफ करूनही चालत नसेल तर?

तर दोष कॅसेटचा नसू शकतो. मशीनच्या खाचेतही तितकाच मळ असतो आणि साफ केलेली कॅसेट तिथे घातली की पुन्हा मळते. जुन्या एटीएम कार्डावर पातळ सुती कापड ताणून, त्याला आयपीएचा किंचित ओलावा देऊन खाचेत सरळ वर-खाली करावे. जोर लावू नये.

दुसरा संशयित अडॅप्टर. मूळचा हरवला म्हणून राउटरचा अडॅप्टर जोडणारे बरेच आहेत, पिन बसते म्हणून. फॅमिकॉमच्या अडॅप्टरची मधली पिन निगेटिव्ह असते, तर राउटर, सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरची सहसा पॉझिटिव्ह. उलटा जोडला तर मशीन जळू शकते. व्होल्टचा आकडा आणि गोलाच्या आत-बाहेर अधिक-उण्याची खूण, दोन्ही मशीनच्या पाठीवर पाहून मगच जोडावे. वायरीचे आवरण तडकलेले असेल तर तो अडॅप्टर वापरू नये. एवढे होऊनही कॅसेट गप्पच राहिली तर तिचा संपर्क नव्हे, आतला जोड किंवा चिप गेलेली आहे. ती भंगारवाल्याकडे न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी.

चाललीच, तर पुन्हा त्याच खोक्यात टाकू नये. खोक्यात बहुधा डांबरगोळ्या असतात आणि त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लास्टिकला मऊ, चिकट करते. झाकण घट्ट बसणारा डबा, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आणि पट्ट्यांना बोट न लावणे, एवढे पुरते. किनारपट्टीवर पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहावे.

राहिली ती बंदूक. कॅसेट कितीही लखलखीत झाली तरी ‘डक हंट’मधली बदके नव्या एलईडी टीव्हीवर मरणार नाहीत. बंदुकीतला सेन्सर जुन्या पिक्चर ट्यूबच्या पडद्यावर क्षणभर उमटणारा प्रकाश टिपतो आणि नव्या पडद्यावर तो त्या वेळी उमटत नाही. बदकांसाठी माळ्यावरून तो डबा टीव्हीही खाली काढावा लागेल. तो दोघांनी मिळून उचलावा आणि त्याचे मागचे झाकण उघडू नये, आत बंद असतानाही विजेचा जोरदार धक्का बसू शकतो.